पेन्शन रुपयांत, म्हातारपण बाटमध्ये

चियांग माईच्या विमानतळाजवळ इमिग्रेशनचं कार्यालय आहे. सकाळी दार उघडायच्या आधीच तिथे रांग लागते आणि त्या रांगेत पांढऱ्या केसांचीच माणसं जास्त. हाफ पँट, सँडल आणि हातात पारदर्शक प्लॅस्टिकचं फोल्डर. फोल्डरमध्ये टीएम-7 नावाचा अर्ज, 4 बाय 6 सेंटिमीटरचा फोटो, पासपोर्टच्या पानांच्या झेरॉक्स, बँकेचं ताजं पत्र, पासबुकाच्या झेरॉक्स आणि राहत्या घराचा हाताने काढलेला नकाशा. प्रत्येक झेरॉक्सवर अर्जदाराची सही, तीही निळ्या शाईत. काळ्या शाईतली सही छापील वाटते म्हणून परत पाठवतात, असं रांगेतले जुने लोक सांगतात. शेजारच्या झेरॉक्सवाल्या बाईकडे म्हणून निळ्या पेनांचा डबा भरलेला असतो.

माझ्या पुढे इंग्लंडच्या रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. त्यांचा नकाशा पाहण्यासारखा होता: खंदक, एक देऊळ, सेव्हन-इलेव्हनचं दुकान, मग बाण, मग चौकोन. चौकोनात 'मी' असं लिहिलेलं. आत गेल्यावर पासबुक आणि पत्रातली रक्कम जुळली की नाही एवढंच पाहिलं जातं. जुळली तर 1,900 बाट भरायचे आणि एक वर्षाचा शिक्का घ्यायचा. पुढच्या वर्षी हेच सगळं पुन्हा. "मी इथला रहिवासी नाही, दरवर्षी नूतनीकरण होणारा पाहुणा आहे," असं ते हसत म्हणाले आणि टोपी घालून निघाले.

'दुसरं घर' हा या अंकाचा विषय संपादकांनी कळवला तेव्हा माझ्या फोनमध्ये थायलंडची तीन फॉरवर्ड आधीच पडलेली होती. पन्नास हजार रुपयांत राजासारखं राहा, पुण्यातला फ्लॅट भाड्याने द्या आणि समुद्रकिनारी म्हातारपण काढा, असा त्यांचा सूर. 2024 च्या जुलैपासून थायलंडने भारतीयांना व्हिसाशिवाय 60 दिवस राहण्याची मुभा दिली, त्यानंतर सहलीवाल्यांच्या जाहिरातींत या मजकुराची भर पडली. मी चियांग माई निवडलं, कारण बँकॉक मोठं आहे, पट्टायाची ख्याती वेगळी आहे, आणि परदेशी निवृत्तांची वस्ती या उत्तरेकडच्या शहरात बरीच जुनी आहे. समुद्र मात्र इथून फार लांब. फॉरवर्ड लिहिणाऱ्यांनी नकाशा पाहिलेला नसतो.

स्वस्त, पण कोणाला?

पिंग नदीकाठचा वारोरोट बाजार सकाळी पाहावा. खालच्या मजल्यावर सुकवलेले आंबे, मिरच्यांचे ढीग, डुकराची तळलेली कातडी, केळीच्या पानात बांधलेला चिकट भात. आजूबाजूच्या गल्ल्यांत कापडाची दुकानं, त्यांतली काही पिढ्यान्पिढ्या इथे स्थायिक झालेल्या पंजाबी कुटुंबांची. रस्त्यावर लाल रंगाच्या, मागे दोन बाक टाकलेल्या गाड्या. त्यांना सोंगथेव म्हणतात. हात केला की थांबते, कुठे जायचं ते सांगायचं, चालकाला वाट सोयीची असेल तर तो मान हलवतो आणि तीस बाट घेतो. खाओ सोय, म्हणजे नारळाच्या रश्श्यातल्या शेवया, साध्या दुकानात पन्नास ते सत्तर बाट. एका खोलीचा बरा फ्लॅट, स्वयंपाकाचा ओटा आणि गॅलरी धरून, महिना दहा ते पंधरा हजार. अनामत दोन महिन्यांची. वीजबिलात मात्र गंमत असते. सरकारी दर युनिटला चार-साडेचार बाटच्या आसपास आणि अनेक घरमालक लावतात सात ते आठ. एसीवाल्या महिन्यात ते कळतं.

पौंडात पेन्शन घेणाऱ्याला हे सगळं वीस वर्षांपूर्वी फुकट वाटत होतं. तेव्हा एका पौंडाला सत्तरच्या आसपास बाट मिळत. आता पंचेचाळीसच्या आसपास. त्यात ब्रिटनच्या सरकारी पेन्शनची एक मेख आहे: थायलंडला जाऊन राहिलात तर तुमची रक्कम गोठते. लंडनमध्ये राहणाऱ्याची पेन्शन दरवर्षी वाढते, चियांग माईत राहणाऱ्याची नाही. सत्तरीला आलेला माणूस नव्वदीत त्याच आकड्यावर जगतो. रेल्वेवाल्या गृहस्थांनी मोटारसायकल विकली होती, बिअर आठवड्यातून एकदा घेत होते आणि हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. इंग्लंडमध्ये परतून भाडं भरणं त्यांना त्याहूनही परवडत नव्हतं.

आता रुपयाकडे येऊ. 2005 च्या सुमाराला एक बाट साधारण एक रुपया दहा पैशांना मिळत असे. 2010 च्या आसपास तो दीड रुपयाच्या घरात गेला, 2015 ला पावणेदोनच्या पुढे आणि आता तो अडीच रुपयांच्या वर आहे. तीस हजार रुपयांचे तेव्हा सत्तावीस हजार बाट झाले असते, आज बारा हजारही होत नाहीत. कोणी म्हणेल, या वीस वर्षांत भारतातही महागाई झालीच की. झाली. पण सरकारी पेन्शनरला इथल्या महागाईवर डीए मिळतो, बाटच्या भावावर मिळत नाही. खासगी नोकरीतून निवृत्त झालेल्याच्या हाती बहुधा ठेवीचं व्याज असतं आणि ईपीएसची पेन्शन, जी आपणहून वाढत नाही. असा माणूस आपल्या गावात स्वतःच्या घरात राहतो, भाजी महाग झाली तर पालेभाजीवर भागवतो, मोठा खर्च आला तर भावाकडे फोन करतो. परदेशात त्याला भाडं द्यावंच लागतं आणि ते त्याच्या हातात नसतं.

आजच्या भावाने हिशेब करू. बारा हजार बाटचं भाडं म्हणजे तीस हजार रुपयांच्या वर. तेवढ्यात पुण्याच्या उपनगरात दोन खोल्यांचा फ्लॅट मिळतो, नाशकात तर ऐसपैस. साठ बाटचा खाओ सोय दीडशे रुपयांच्या पुढे जातो, मिसळ त्याहून स्वस्त. काटकसरीने राहणाऱ्या जोडप्याला महिना चाळीस-पंचेचाळीस हजार बाट लागतात, असं मला एकाहून अधिक घरांत ऐकायला मिळालं. म्हणजे लाख-सव्वा लाख रुपये, आणि यात विमान आणि डॉक्टर धरलेला नाही. तेव्हा थायलंड स्वस्त आहे हे वाक्य पौंड, डॉलर, युरो असणाऱ्यांनी तयार केलेलं आहे. आपण ते जसंच्या तसं उचललं. आपल्या माणसाला तिथे स्वस्ताई मिळत नाही. मिळते ती हॉर्न न वाजवणारी रहदारी, स्वच्छ सार्वजनिक शौचालय, रात्री दहाला एकट्या बाईने पायी घरी यावं इतका निवांतपणा. त्याची किंमत मोजायची तयारी असेल तर जरूर मोजावी. बचत म्हणून मात्र जाऊ नये.

एका वर्षाची मुदत

निवृत्तांच्या मुदतवाढीसाठी वय पन्नास पूर्ण हवं आणि पैशाचा पुरावा हवा. तो दोन प्रकारे देता येतो: महिना 65 हजार बाट उत्पन्न, किंवा थाई बँकेत स्वतःच्या नावावर 8 लाख बाट. दोन्ही मिळून वर्षाला 8 लाख होत असतील तर तेही चालतं. 2019 साली या ठेवीचा नियम कडक झाला. अर्जाआधी दोन महिने पूर्ण रक्कम खात्यात पाहिजे, शिक्का मिळाल्यावर आणखी तीन महिने, आणि त्यानंतर वर्षभर ती 4 लाखांच्या खाली जाता कामा नये. पूर्वी लोक मित्राकडून आठवडाभरासाठी पैसे घेऊन पासबुकात दाखवत. ती वाट बंद झाली.

आपल्या दृष्टीने हे 8 लाख बाट म्हणजे वीस-बावीस लाख रुपये. थाई बँकेत त्यावर जेमतेम व्याज मिळतं. ज्येष्ठ नागरिकाला इथे ठेवीवर सात टक्के मिळत असतील, तर वर्षाला दीड लाखाच्या आसपास व्याज सोडून द्यावं लागतं. शिक्क्याची फी 1,900 बाट लिहिलेली असते, खरी फी ही आहे.

त्याशिवाय दर 90 दिवसांनी 'मी अजून याच पत्त्यावर आहे' असं कळवायचं. घरमालकाने परदेशी भाडेकरू आल्याची नोंद चोवीस तासांत करायची, तिला टीएम-30 म्हणतात. ती त्याने केलेली नसेल तर तुमचा अर्ज खिडकीवर अडतो, आणि दंड कोणी भरायचा यावरून घरमालकाशी खटके उडतात. मुलीच्या बाळंतपणाला किंवा कोणाच्या कार्याला भारतात यायचं असेल तर आधी पुनःप्रवेशाचा परवाना घ्यायचा, एका वेळचा हजार बाट, अनेक वेळांचा 3,800. तो न घेता विमानात बसलात की वर्षाचा शिक्का रद्द. बातमी रात्री येते आणि कार्यालय सकाळी उघडतं, म्हणून जाणते लोक अनेक वेळांचाच परवाना काढून ठेवतात.

आणखी एक बदल कराचा. वर्षात 180 दिवस किंवा जास्त राहिलात तर तुम्ही थायलंडचे करनिवासी ठरता, आणि 1 जानेवारी 2024 पासून परदेशातून आणलेल्या उत्पन्नाकडे तिथलं करखातं पूर्वीपेक्षा बारकाईने पाहू लागलं आहे. भारत आणि थायलंड यांच्यात दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे, तरी कागद दोन्हीकडचे ठेवावे लागतात. उतारवयात कागद कमी व्हावेत अशी कोणाची अपेक्षा असेल, तर हा देश त्याच्यासाठी नाही.

जमीन त्यांची, मजला तुमचा

सर्वसामान्य परदेशी माणसाला थायलंडमध्ये जमीन विकत घेता येत नाही. फ्लॅट घेता येतो. 1979 च्या कॉन्डोमिनियम कायद्यानुसार इमारतीतल्या एकूण विक्रीयोग्य क्षेत्राच्या 49 टक्क्यांपर्यंत मालकी परदेशी लोकांकडे असू शकते. म्हणून फ्लॅट दाखवणारा दलाल आधी विचारतो, "फॉरेन कोटा की थाई कोटा?" एकाच मजल्यावरच्या एकसारख्या दोन फ्लॅटची किंमत यावरून वेगळी असते. पैसे परदेशातून परकीय चलनातच आले पाहिजेत, आणि बँकेने दिलेला तसा दाखला जमीन कार्यालयात जोडल्याशिवाय नावावर होत नाही. हा दाखला जपून ठेवायचा, कारण पुढे फ्लॅट विकून पैसे बाहेर न्यायचे झाले तर तोच लागतो.

बंगलाच हवा असणाऱ्यांना दोन वाटा सुचवल्या जातात. एक भाडेपट्टा, कायद्याने जास्तीत जास्त 30 वर्षांचा. दलाल '30 अधिक 30 अधिक 30' असं म्हणतो, त्यातले पहिले 30 खरे, बाकीची इच्छा. दुसरी वाट थाई भागधारकांच्या नावाने कंपनी काढून तिच्या नावावर जमीन घेण्याची. हे भागधारक नावापुरते असतील तर 1999 च्या परकीय व्यवसाय कायद्याखाली तो गुन्हा आहे. तरीही या कंपन्या वर्षानुवर्षं चालल्या आणि आता त्यांची तपासणी होते आहे. आपल्याकडे शेतजमिनीसाठी शेतकरी दाखला 'करून देणारे' ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही मंडळी लगेच ओळखू येतील.

फ्लॅट भाड्याने देऊन उत्पन्न काढू म्हणावं, तर तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीने पाहुण्यांना देणं हॉटेल कायद्यात अडकतं. महिन्याच्या भाड्याने द्यावं, तर साध्या इमारतीतल्या 25-30 लाख बाटच्या फ्लॅटला बारा-तेरा हजार भाडं येतं, त्यातून सोसायटीचा खर्च आणि रिकामे महिने वजा. शिल्लक तीन-चार टक्के धरावी. विकायला काढलात तर गिऱ्हाईक बहुधा परदेशीच, आणि त्याला नवीन इमारतीतला फ्लॅट तेवढ्याच पैशात मिळत असतो. मालक वारला तर वारसाला फ्लॅट मिळतो, पण परदेशी मालकीच्या अटीत तो बसत नसेल तर वर्षाच्या आत विकावा लागतो. कोथरूडमधल्या मुलाने बापाच्या दहाव्या-बाराव्यानंतर थाई भाषेतली कागदपत्रं घेऊन हे निस्तरायचं, हे चित्र दलालाच्या माहितीपत्रकात नसतं.

बँकॉकला गेलात तर साथोन भागातला अर्धवट उभा राहिलेला 49 मजली टॉवर पाहा. 2 जुलै 1997 रोजी थाई सरकारने बाट मोकळा सोडला. तोवर डॉलरला 25 असलेला बाट काही महिन्यांत पन्नाशीच्या पुढे घसरला, कर्ज काढून बांधणाऱ्यांचा कणा मोडला आणि आशियाभर संकट पसरलं. तो टॉवर तेव्हापासून तसाच आहे. मग 28 मार्च 2025 ला म्यानमारमधल्या भूकंपाने बँकॉकमध्ये बांधकाम चालू असलेली सरकारी इमारत कोसळली आणि चियांग माईतल्या उंच इमारतींच्या भिंतींनाही तडे गेले. त्यानंतर इथे घर शोधणारे पाचव्या मजल्याच्या वर जायला कां-कूं करू लागले, असं मला एका भाड्याने घरं देणाऱ्या बाईंनी सांगितलं.

भारताच्या बाजूचेही नियम आहेत. निवासी भारतीयाला लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीमखाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात आणि त्यातून परदेशी घर घेता येतं. गुंतवणुकीसाठी वर्षात दहा लाख रुपयांच्या वर पाठवलं की बँक वरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस कापते. तो विवरणपत्रात परत मिळतो, पण तोवर पैसा अडकतो. आणि ते घर, ते थाई खातं, दोन्ही विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावं लागतं. ते लपवलं तर 2015 च्या काळा पैसा कायद्यात दहा लाखांच्या दंडाची तरतूद आहे. आठ लाख बाट सहज म्हणून ठेवले, असं उत्तर तिथे चालत नाही.

मुंबईचा पैसा चियांग माईच्या खोऱ्यात पहिल्यांदा आला तो मात्र असे कोणतेही तक्ते नसताना. 1863 साली मुंबईत स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथल्या सागवानाच्या जंगलात उतरली होती. हत्ती ओंडके नदीपर्यंत ओढत आणि पावसाळ्यात पिंगचं पाणी चढलं की ओंडके दक्षिणेला वाहत जात. बँकॉकला पोचायला वर्षं लागत. अशा कंपन्यांनी जमीन घेतली नाही, झाडं घेतली. गुंतवणूकदार म्हणून ते आजच्या फ्लॅटवाल्यांपेक्षा हुशार होते. जंगलाचं काय झालं हा निराळा विषय.

धुराचे महिने

चियांग माईच्या जाहिरातीत दोई सुथेप डोंगर असतो, 1,676 मीटर उंच, माथ्याखाली सोनेरी देऊळ. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत बरेच दिवस तो शहरातून दिसतच नाही. खोऱ्यात धूर साचतो. जनावरांच्या खाद्यासाठी लावलेल्या मक्याची धाटं जाळतात, जंगलात वणवे लावतात, म्यानमार आणि लाओसकडूनही धूर येतो, आणि खोलगट खोऱ्यावर गरम हवेचं झाकण बसल्यामुळे तो हलत नाही. या काळात जगातल्या सर्वांत प्रदूषित शहरांच्या रोजच्या यादीत चियांग माई अनेकदा पहिलं असतं. जंगल का जाळतात याचं एक कारण खाण्यातलं आहे. जळलेल्या जमिनीवर पहिल्या पावसानंतर 'हेत थोप' नावाच्या गोल अळंब्या चांगल्या येतात अशी समजूत आहे, आणि त्यांना बाजारात भाव भरपूर मिळतो. शहरातला माणूस मास्क लावतो आणि त्याच मोसमाअखेर त्या अळंब्यांची आमटी आवडीने खातो.

ज्यांना जमतं ते निवृत्त या दोन-अडीच महिन्यांत दक्षिणेला समुद्राकडे जातात. म्हणजे दोन ठिकाणचं भाडं. ज्यांना जमत नाही ते दारांच्या फटींना टेप लावून हवा शुद्ध करणारं यंत्र चालवत बसतात. दम्याचा त्रास असलेल्या मराठी माणसाने पुण्याच्या हवेला कंटाळून इथे यावं आणि मार्चमध्ये इथे सापडावं, याला काय म्हणायचं?

आजारपण कुठे काढायचं

खासगी रुग्णालयं उत्तम आहेत. दुभाषे आहेत, चाचण्यांचे निकाल त्याच दिवशी मिळतात, पैसे पुष्कळ लागतात. सरकारी रुग्णालयांत थाई नागरिकांसाठी जगभर नावाजलेली तीस बाटची योजना आहे, ती परदेश्यांना लागू नाही. 2019 पासून सरकारी रुग्णालयांत परदेश्यांचे दरही वेगवेगळ्या पायऱ्यांत लावले गेले आणि पर्यटक व निवृत्त यांना सगळ्यांत वरची पायरी मिळाली. मायदेशातून 'ओ-ए' व्हिसा घेऊन आलेल्याला त्याच वर्षापासून आरोग्य विमा सक्तीचा झाला, थायलंडमध्येच 'ओ' व्हिसावर मुदतवाढ घेणाऱ्याला तो नाही. त्यामुळे कितीतरी माणसं विम्याशिवाय राहतात. सत्तरीनंतर नवा विमा मिळणं अवघड आणि मिळाला तर हप्ता भाड्याइतका.

पण सेवा, म्हणजे हाताने करायची सेवा, इथे खरोखर आहे. शहराच्या कडेला फाहाम नावाच्या वस्तीत मार्टिन वूडली या स्विस गृहस्थांनी आईच्या स्मृतिभ्रंशाच्या आजारातून सुरू केलेलं केंद्र आहे. युरोपातले रुग्ण तिथे साध्या घरांत राहतात आणि प्रत्येकासोबत आळीपाळीने बायका असतात, दिवसरात्र. स्वित्झर्लंडमध्ये हे एवढ्या पैशात होत नाही म्हणून ते इथे होतं. पिंग नदीच्या एका बेटावर 1908 मध्ये डॉ. जेम्स मॅकीन यांनी कुष्ठरोग्यांसाठी वसाहत काढली होती. रोग आटोक्यात आला तशी ती जागा पुनर्वसनाकडे आणि पुढे वृद्धांच्या निवासाकडे वळली. मोठाले वृक्ष, बैठी घरं, नर्सची सायकल. आनंदवन पाहिलेल्या माणसाला ती मांडणी परकी वाटत नाही. थायलंड स्वतःही झपाट्याने म्हातारा होतो आहे, दर पाच माणसांतला एक साठीच्या पुढचा. आज परक्या आजोबांना भरवणाऱ्या बाईचे स्वतःचे आईवडील खेड्यात शेजाऱ्यांच्या भरवशावर असतात. हे विचारलं की ती मोबाइलवरचा त्यांचा फोटो दाखवते आणि किती पैसे पाठवते ते सांगते.

जमीन न मिळणाऱ्या परदेश्याला एक जागा मात्र राजाने दिली आहे. लामफून रस्त्यावर 1898 साली चुलालोंगकोर्न राजाने दिलेल्या जमिनीवर परदेश्यांचं कब्रस्तान आहे. सागवान कंपन्यांचे गोरे, मिशनरी, अलीकडचे पेन्शनर सगळे तिथे आहेत. ब्रिटिश वकिलात बंद झाल्यावर तिच्या आवारातला व्हिक्टोरिया राणीचा पुतळाही इथेच आणून ठेवला. शेजारीच जिमखाना क्लब आहे, तोही 1898 चाच, तिथे अजून क्रिकेट होतं.

हयातीचा दाखला देऊन

विद्यापीठाच्या आवारात आंग केव नावाचा तलाव आहे. संध्याकाळी त्याच्या बांधावर सगळं शहर फिरायला येतं. तिथे मागून "अहो, जरा हळू चाला" असं ऐकू आलं आणि वळून पाहिलं, तर पुण्याचं जोडपं. ते सरकारी बँकेतून निवृत्त झालेले, त्या शाळेतून. मुलगा सिंगापूरला, म्हणून थायलंड मधल्या वाटेवर पडतं.

त्यांची व्यवस्था मला साऱ्या चियांग माईत सर्वांत शहाणपणाची वाटली. दिवाळी घरी करायची. नोव्हेंबर लागला की बँकेत जाऊन हयातीचा दाखला द्यायचा आणि विमानात बसायचं. 60 दिवस व्हिसाविना, मग इमिग्रेशनमध्ये 1,900 बाट भरून आणखी 30. ना आठ लाखांची ठेव, ना थाई खातं, ना दर 90 दिवसांची नोंद. आल्यावर पहिलं काम म्हणजे घरमालकिणीने टीएम-30 केली का ते विचारायचं, कारण मुदतवाढीच्या वेळी तो कागद मागतात. जानेवारी संपत आला की परत, धूर यायच्या आत.

खर्च त्या एका वहीत लिहितात. मला दाखवलेल्या पानावर भाडं, फोन, सोंगथेव आणि 'जे' असं सदर होतं. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत 'जे' लिहिलेल्या दुकानात मांस, मासे, अंडी, दूध काही नसतं आणि कांदा-लसूणही नसतो. "आमच्याकडच्या चातुर्मासापेक्षा कडक," त्या म्हणाल्या. इतर ठिकाणी भाजी मागितली तरी त्यात माशाच्या पाण्याचा, नाम प्लाचा, शिपका असतोच, म्हणून हे शोधावं लागतं. तूरडाळ, गोडा मसाला आणि छोटा कुकर त्या पुण्याहून आणतात. जाताना कुकर घरमालकिणीकडे ठेवतात. गेल्या वर्षी तिने त्यात काहीतरी शिजवलं होतं, कशाचा वास होता ते विचारायचं त्यांनी टाळलं आणि या वर्षी नवा आणला.

तीन महिन्यांचा खर्च विमानासकट पुण्यातल्या तीन महिन्यांच्या दुपटीहून जास्त होतो, हे दोघांनीही लपवलं नाही. तो ते सहलीच्या खात्यात टाकतात. घरमालकीण दरवर्षी तिच्या भावाचा फ्लॅट विकत घ्या म्हणते. किंमत वाजवी आहे, गॅलरीतून डोंगर दिसतो.

"मग?" मी विचारलं.

"तिला सांगितलं, मार्चमध्ये येऊन बघतो," ते म्हणाले. "मार्चचं नाव काढलं की ती विषय बदलते."